तहिया मावशीची टोपली

अलेक्झांड्रिया

आई, तुझा हात मनानेच कपाळाला लावून लिहितो.

इथल्या समुद्रकाठच्या किल्ल्याचं तिकीट किरकोळच होतं. पण लाटेनं नवे बूट भिजवले आणि टोपी समुद्रात नेली, म्हणजे सहल महागातच पडली. तिकडे कुवेतमध्ये तुझे गुडघे कसे आहेत?

घोडागाडीवाला म्हणाला, "पाशा, आता राजवाड्याची बाग दाखवतो." मी म्हटलं, "आधी माझ्या मावशीच्या बाल्कनीखाली ने. मला तेच बघायचंय." गल्लीत अजून तळलेल्या मासळीचा तोच वास येतो.

तू परत येऊन तिच्याजवळ राहायचं म्हणतेस. पण तुमच्या त्या भांडणानंतर ती दार तरी उघडेल का, हीच धास्ती होती. खालूनच ओरडलो, "तहिया मावशी, मी तुझ्या बहिणीचा मुलगा!"

"कुठली बहीण? त्या बाईची एक काडीसुद्धा मी घरात ठेवलेली नाही!" सगळी गल्ली वर बघायला लागली. "आणि तू उन्हात काय उभा राहिलायस, गाढवा? किल्ली घे, वर ये."

जिना उतरायला नको म्हणून तिनं नेहमीसारखी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, आत किल्ली.

आई, ती टोपली तूच विणलेली आहे.

तुझा,
मुतवल्ली