इंदूच्या बैठका

माघ, रथसप्तमी
हळदीकुंकवाला पहिली कोण, तर खालच्या माळ्यावरची गंगू. वाण घेतलं नाही तोच सुरू. इंदूची सासू गिरगावात सांगते म्हणे, सून धड चालेपर्यंत छबीला तिच्याकडे धाडणार नाही. वर्ष झालं, नात तिकडे, लेक माझ्याकडे. इंदू आतून ऐकत होती. आजार नसांचा, नाव इंग्रजी, मला लिहिता येत नाही. डॉक्टर म्हणाले, जाणारा नाही, पण अंग हलवत ठेवा. दसऱ्यापासून शेजारचे दाजी, तालमीतले वस्ताद, पहाटे गॅलरीत स्टुलावर बसून मोजतात, ही कठडा धरून बैठका काढते. आज बारा! गंगू म्हणाली, "बायकांनी बैठका?" म्हटलं, तू दोन काढून दाखव. तिळाचा लाडू खाऊन गेली.

फाल्गुन शु. ४
दाजींना संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात धरलं. पोलिसांच्या गाडीतून ओरडले, "इंदू, चुकवू नको गं!" मुंबई मिळो बापडी, पण आमच्या बैठका…

फाल्गुन व. २
इंदूला ताप येऊन गेला. मीच उठू देत नाही. ताट हातात, पाणी हातात. चिडते. चिडू दे.

चैत्र शु. १
दाजी सुटले! गुढीला हात जोडले नि थेट आमच्याकडे. "ऊठ बघू." बैठका बंद पडून महिना झाला होता. सात काढल्या! दाजी म्हणाले, "कमावलेलं अंग आहे, महिन्यात कुठं जातंय? आणि वहिनी, ताट हातात देणं बंद." ओशाळले. देवाचे उपकार, दाजींचे अंमळ जास्तच.

चैत्र व. ५
चैत्रगौरीला विहीणबाई आल्या, छबीला घेऊन! उन्हानं इंदूचे पाय जड, सकाळपासून मानेवर ओला पंचा. तरी सासूच्या पाया पडायला गुडघे टेकून वाकली. मी धरायला धावले, तर असे डोळे वटारले पोरीनं! एक गुडघा उचलला, थांबली, मग दुसरा. उभी. कुणाचा हात नाही. छबी म्हणाली, "आई, परत कर ना." केलं की! मला रडू. विहीणबाईंनी पेला खाली ठेवला, म्हणाल्या, "पन्हं छान झालंय."
जिन्यापर्यंत इंदूच पोचवायला गेली. अक्षय तृतीयेला परत येते म्हणाल्या, छबीला घेऊन. इंदूला न्यायला की नुसतं भेटायला, ते बोलल्या नाहीत.