आडनाव गिळणारा प्रोग्राम

अमरावती
७ जुलै २०२४

ती. बाबांना आकांक्षाचा सविनय जयभीम.

वि. वि. फोनवर मी ओरडते आणि तुम्ही नुसतं हो हो करता, त्यापेक्षा पत्रच बरं. वर्कशॉपच्या खडखडाटानं कान नेले, डोळे तरी शाबूत आहेत तुमचे.

खोली छान आहे. घरमालकीण ललिताकाकू मला लेक म्हणतात, रात्री भाजी पाठवतात. त्यांच्या रागिणीचा लॅपटॉप संध्याकाळी मला मिळतो. नाहीतर क्लासच्या तासाभरात जावा, ही प्रोग्राम लिहायची भाषा, कुठून यायची? ही खोली टिकली तरच कोर्स पूर्ण होईल.

काल पहिला प्रोग्राम चालला. समोरच्याला नाव विचारायचं, ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे चिठ्ठी लावलेल्या बरणीत, ठेवायचं आणि नमस्कार करायचा. मी पूर्ण नाव टाइप केलं, पडद्यावर आलं फक्त ‘नमस्कार आकांक्षा’. मधले तुम्ही गायब, शेवटचं तेलगोटे गायब. सर हसले. म्हणाले, तू ‘नेक्स्ट’ लिहिलंस, ते पहिल्या मोकळ्या जागेशीच थांबतं, अख्खी ओळ हवी तर ‘नेक्स्टलाइन’ लिही. खरं सांगू? मी अजून बदललेलं नाही. काकूंनी माझं आडनाव कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आईची काळजी घ्या. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमची आकांक्षा

अकोला
१२ जुलै

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. माझा आवाज पाहता गल्लीलाही ऐकू गेलं असेल.

जावा मला कळली नाही, पण आडनाव गिळल्याचं कळलं आणि ते बिलकुल आवडलं नाही. यंत्राला शिकवलं तेवढंच ते करतं. तुला तर लहानपणापासून पूर्ण नाव सांगायला शिकवलं. चोरी केल्यासारखं काहून राहायचं? सर म्हणाले तसं कर आणि पहिल्यांदा त्या काकूंनाच दाखव. लेक म्हणतात ना, मग लेकीचं नाव त्यांना कळू दे.

आई लोणचं पाठवते आहे. जेवत जा, लिहीत जा.

देवीदास तेलगोटे

अमरावती
२८ जुलै

ती. बाबांना जयभीम.

बुधवारी घरी येते आहे, कायमची. तोवर क्लासमधल्या एका मैत्रिणीकडे आहे. हे समोर बसून ओरडून सांगणं मला जमणार नाही, म्हणून आधी लिहिते.

तुमचं ऐकलं. ‘नेक्स्टलाइन’ लिहिलं आणि काकूंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत हौसेनं आल्या. पडद्यावर ‘नमस्कार आकांक्षा देवीदास तेलगोटे’ आलं. त्यांनी ते वाचलं, छान आहे म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रात्री भाजी आली नाही. सकाळी दारातूनच म्हणाल्या, “पुतन्या शिकाले येऊन राहिला, खोली आमालेच लागते.” रागिणीचा लॅपटॉप बिघडला म्हणे. भिंतीपलीकडून त्यावरची गाणी मला रोज ऐकू येत होती.

आणखी दोन ठिकाणी विचारलं. या वेळी आडनाव आधीच सांगितलं. दोन्हीकडे खोल्या नुकत्याच गेल्या होत्या. सरांना सांगून आले की आता येणार नाही.

मला तुमचा राग आला आहे, बाबा. तुमचं काही चुकलं नाही, म्हणून जास्तच आला आहे. आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. आज सामान बाहेर काढल्यावर मी सवयीनं काकूंच्या पाया पडायला वाकले.

त्यांनी पाय मागे घेतले.

आकांक्षा