एक सोडून एक चित्र

फ्रीमाँट, २००७

प्रिय हागिमोरी सर,

मंगळवारी कॉलेजच्या ऑफिसचा मेल आला. शनिवारचा ॲनिमेशनचा क्लास कॅन्सल, इन्स्ट्रक्टर वारले, दुसरा क्लास हवा असेल तर फॉर्म भरा. बास! तुमचं नावसुद्धा नाही. म्हणून लिहितेय. मराठीत, कारण इंग्लिशमध्ये आपण दोघंही फक्त कामापुरतंच बोलायचो.

इथली माझ्या वयाची पोरं शाळेतून येऊन तुमची कार्टून्स बघत मोठी झाली. टोकियोत तीस वर्षं तुम्ही पाऊस काढलात, कुत्री काढलीत, रडणारी माणसं काढलीत. इथल्या चॅनलनं शेवटची नावं उडवली आणि जाहिराती बसवायला मधले थांबे कापले. बोलता बोलता माणूस गप्प होतो, खिडकीबाहेर बघतो, ते सगळं गेलं. पहिल्याच क्लासला तुम्ही म्हणालात, "मी काढलेलं गप्प बसणं अमेरिकेत कुणी पाहिलंच नाही." आम्ही हसलो. तुम्ही नाही हसलात.

आईवरच्या माझ्या छोट्या ॲनिमेशन फिल्मसाठी आमच्या घरी आला होतात, आठवतं? आईला पोळ्या करताना तासभर बघत बसलात. आई मला म्हणाली, "अगं, यांना भूक लागलीय का? माझ्या हातांकडे काय बघतायत?" पाच पोळ्या खाल्ल्यात, वर "काकू, वन मोअर!"

मग पोळी फुगण्याची चार सेकंदं काढून दिलीत. अठ्ठेचाळीस चित्रं. आई लाटणं बाजूला ठेवते आणि तव्याकडे बघत नुसती थांबते.

आणि मी? फेस्टिव्हलची डेडलाइन होती, यार! एक सोडून एक चित्र स्कॅन केलं. चार सेकंदांची दोन झाली. उरलेली चोवीस चित्रं अपार्टमेंट बदलताना रिसायकलच्या डब्यात गेली.

कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "घाई होती?"

मी म्हणाले, "सर, लोक बोअर होतात."

तुम्ही मान हलवलीत आणि पार्किंगकडे निघून गेलात. माझ्यावर ओरडायचं होतंत ना! त्या चॅनलला शिव्या घालायचात, मग मला का नाही? की माझ्याकडून एवढीच अपेक्षा होती? आजारी आहात हेही सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तरी मी आले असते का, कोण जाणे. तुमचं तोंड चुकवायला तीन शनिवार दांडी मारली मी.

फिल्म सिलेक्ट झाली. ओळखीचे एक काका म्हणाले, "किती चपळ आहे गं तुझी आई!" माझी आई चपळ नाहीये, सर. हे तुम्ही एका तासात ओळखलंत. मी पंचवीस वर्षं तिच्या हातचं खातेय.

फेस्टिव्हलमधून फिल्म परत घेतलीय. काल आईला गॅसपाशी उभं केलं आणि कागद घेऊन बसले. जमत नाही. तिची बोटं केळ्यांसारखी दिसतात. तरी चोवीसच्या चोवीस काढीन, एकही गाळणार नाही. ती तुमची नसतील. तुमची मी फेकली, हे फिल्मच्या शेवटी तुमच्या नावाखाली स्वच्छ लिहीन. आणि शेवटचा माणूस वाचून होईपर्यंत ते पडद्यावरून हलवणार नाही. होऊ देत बोअर.

तुमची,
मधुरा