पावडरची केस आणि न्हाऊ घातलेली पोरं

मी, यशोदाबाई रंगराव कड, वय अडुसष्ट, धंदा बाळांना न्हाऊ घालण्याचा, राहणार कुरुळी, तालुका खेड. माझी अक्कल ठिकाणावर आहे, दम तेवढा लागतो. कोणाच्या दडपणाखाली न येता, चहा पिऊन, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगत आहे. वकील मिनलताई लिहून घेत आहेत. त्या माझी भाषा सुधारतात, सुधारू द्यावी.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची न्हाणी, मुलगा बाळू याच्या नावे. न्हाणी पाडून त्याला मोटरसायकल लावायची आहे. लाव बाबा. पण पाडण्याआधी एकदा आत उभा राहा. भिंतीला अजून तेलाचा वास आहे. चुलीवर हंडा उकळायचा, मी पाटावर पाय लांब करून बसायची आणि पायांवर बाळ पालथं. अंग पुसलं की पावडर. सगळी न्हाणी पांढरी व्हायची, घमघमाट सुटायचा, रडून रडून लाल झालेलं पोर गप झोपी जायचं. काय सुख होतं ते! देवाशपथ, फार आठवतं.

२. तांब्याचा हंडा जाऊबाई ठकुबाई हिला द्यावा. तिने तेव्हाच सांगितले होते, "यशोदे, ती पावडर नाकात जाती तुझ्या, खोकशील." मी तिला जळकी म्हणाले. शब्द मागे घेत नाही, ती जळकी आहेच. पण हंडा तिचा.

३. पावडर कंपनीचा माणूस दर महिन्याला डबे फुकट आणून द्यायचा. "मावशी, तुम्ही लावली की अख्खं गाव घेतं." कंपनीचे नाव कोर्टाच्या कागदात आहे, इथे घालून मृत्युपत्र नासवत नाही. मला फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होतात का? त्याच्या धुळीनेच हा होतो." मी म्हणाले, "न्हाई हो, मी पोरं न्हाऊ घालायची." मिनलताईंनी डबा तपासायला पाठवला, तर पावडरीतच ॲस्बेस्टॉस निघाले. कंपनीला हे ठाऊक होते, असे आमचे म्हणणे. निवाडा कोर्ट करील. कपाटातले उरलेले डबे पुरावा आहेत. त्यातली पावडर कोणी कॅरमवर टाकली तर भूत होऊन मानगुटीवर बसेन.

४. आता कंपनीवर घातलेली केस. बाळू त्याच कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावले. "आईची केस मागे घ्या, कुठे वाच्यता करू नका, तुम्हाला पर्मनंट करतो." त्या दिवशी बाळू जेवला नाही. म्हणाला, "आई, तुझ्यामागं केस माझ्याच गळ्यात येणार. मी काय करू?"

लेकरा, तुझं काही चुकत नाही. पर्मनंटची वाट बघता बघता तुझे केस पिकले, हे मला दिसतं. पण मी न्हाऊ घातलेली पोरं आज चाकणला, तळवड्याला शिफ्टला जातात. त्यांच्याही अंगाला तीच पावडर. छाती तपासून घ्या, हे त्यांना सांगायचं कोणी? वाच्यता नको म्हणजे हेच नको.

म्हणून केस चालवण्याचा सर्व हक्क मी सून वर्षाराणी हिच्या नावे करते. बाळूचा त्यात काही संबंध नाही. साहेबांनी विचारलं तर सांग, "माझ्या हातात काही न्हाई, आईनं सुनेला दिली." तरीही पर्मनंट केलं तर जरूर हो, पेढे वाट. वर्षाराणीला गप्प करणारा अजून जन्माला यायचा आहे. तिच्याशी भाजीवालासुद्धा हुज्जत घालत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. माझाच आहे. खाली सही केली आहे, वाकडी आली तरी चालवून घ्यावी.

यशोदाबाई रंगराव कड
कुरुळी, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. चिमाबाई बागडे, शेजारीण.
२. ज्योतीराम बागडे, चिमाबाईचा मुलगा, माझ्या पायांवर न्हालेला. सही करताना थांबला. म्हणाला, "मावशी, मी पण छाती तपासून घेऊ का?" मी काही बोलायच्या आत दारातून बाळू म्हणाला, "उद्या सुट्टी टाक. आपण दोघंबी जाऊ."