धम्मपालच्या चौदा कोळंब्या

५ जानेवारी, रविवार

टाकी बसली एकदाची! बाबांची खुर्ची होती तिथेच. दोन फुटी काच, काळी रेती, शेवाळ. कोळंबी एकही नाही. धम्मपालचा हुकूम — महिनाभर रिकामी ठेवायची, पाणी मुरू द्यायचं. बावीस वर्षं ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसतोय, हुकूम सोडायचा हक्क आहेच त्याला. त्याच्या देवळाली कॅम्पच्या घरी अशा चार टाक्या आहेत.

आईने विचारलं, "नुसतं पाणीच बघायचं का?" बाबा गेल्यापासून तिने आपणहून काही विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी

पाणीच बघतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

धम्मपालने आज चौदा आणून सोडल्या. लालभडक, नखाएवढ्या. "नळाचं ताजं पाणी घालू नको. रोज जेवढं उडेल तेवढं शिळं घाल, रात्रभर ठेवलेलं." ते काम आईने लगेच स्वतःकडे घेतलं. "माझ्या उशाशी तांब्या भरलेला असतोच की."

सगळ्यात मोठीचं नाव तिने गोजरा ठेवलंय, नामपूरच्या तिच्या मावशीवरून. संध्याकाळी गोजराशी बोलत बसली होती. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. फार बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

दोन मेल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज आणखी नऊ. गोजरासुद्धा. आई जेवली नाही. "त्यांच्या गोळ्या पण मीच देत होते. माझ्याच हाताला काही आहे का रे?" त्यांच्या म्हणजे बाबांच्या. धम्मपालला फोन केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच आला. आई टाकीत पाणी घालत होती, तो बघत उभा राहिला. आईने त्यालाही तेच विचारलं — माझ्या हातून काही झालं का?

"नाही मावशी. माझ्याच टाकीत रोग आहे. मला माहीत होतं, तरी दिल्या."

माहीत होतं! मी चहा गाळत होतो, तो तसाच टाकला. त्याला जिन्यात गाठून वाट्टेल ते बोललो. खालून वॉचमन सहादू बघत होता, तरी थांबलो नाही. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणालो. त्याने चपला घातल्या आणि गेला. एक शब्द नाही. निदान भांडायचं तरी!

२० फेब्रुवारी

टेबल खिडकीकडे हलवून घेतलं. डबा एकटाच खाल्ला. तो दोनदा माझ्याकडे बघत होता, मी फाइल उघडली. बाबांच्या वेळी ज्याच्या खांद्यावर रडलो त्यानेच आजारी कोळंब्या माझ्या आईच्या गळ्यात मारल्या. परका असता तर इतकं लागलं नसतं. उरलेल्या तीन मात्र जिवंत आहेत. रोग असून कशा जगल्या कोण जाणे.

२ मार्च, रविवार

नव्या कोळंब्या आणायला नाशिक रोडच्या एका दुकानात गेलो. पिशवी बांधता बांधता दुकानदार सहज म्हणाला, "तांब्याच्या भांड्यातलं पाणी घालू नका हं काका. कोळंबीला विष ते."

उशाशीचा तांब्या डोळ्यांसमोर आला. पिशवी तिथेच ठेवून घरी आलो. टाकीपाशी आपला निळा प्लॅस्टिकचा जग होता. तो कधीपासून तिथे आहे, मी पाहिलंच नव्हतं.

"धम्मपालने ठेवलाय त्या दिवशी, तू चहा करत होतास तेव्हा," आई म्हणाली. "म्हणाला, मावशी, उद्यापासून यातलंच घाला, यांना हेच मानवतं. तांब्या तुमच्यासाठी असू द्या. तुला सांगितलं नाही का त्याने?"

सांगितलं म्हणालो. आता हे मलाही सांभाळायचंय.

देवळालीची बस सहाला आहे.