न मागता दिलेले वचन

सातारा, शनिवार, मे १९७३

आज सायंकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतली सोनाबाई शेळी घेऊन दारात आली. नवरा दवाखान्यात अत्यवस्थ. तो उठला तर शेळी चर्चला, असा नवस ती प्रभूला बोलली होती. आज त्याची वाचा गेली, म्हणून नवस आधीच फेडायला निघाली. तिने शेळीचे दावे माझ्यापुढे धरले.

मी ते घेतले नाही. बायबलमधल्या देवाच्या वचनाचा मूळ ग्रीक शब्द ‘एपांगेलिया’. देवाने आपणहून जाहीर केलेले, मोबदल्यात न मिळणारे, असे तिला समजावले. अर्थ अचूकच होता. मग बोलताना मी त्या दाव्याकडेच का पाहत होतो?

“म्हंजी त्यो आपणहून सांगतो, व्हय?”

“होय.”

“मग आवं पाळकसाहेब, ह्यांच्याबद्दल काय सांगितलंय त्यानं?”

चाळीस वर्षे हा शब्द शिकवला. मी पुन्हा त्याचाच अर्थ सांगू लागलो.

“न्हाई न्हवं सांगितलं? मग शेळी तरी घ्या की.”

तरीही मी हात पुढे केला नाही. ती दवाखान्याकडे वळली. शब्दाचा अर्थ मी आजही बदलणार नाही. परंतु तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत जावे, हे मला, तिच्या पाळकाला, सुचलेसुद्धा नाही.