दोन पोनियेम आणि एक शोकपत्र

सोलो, मध्य जावा,
गुरुवार, दुपार

थोरल्या काकांना वेनिंगचा पायांशी वाकून सलाम.

सेमारांगला यंदा उकाडा फार आहे, असं आई म्हणत होती. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला उतरला का? इकडे सगळे सुखरूप. म्हणजे आई सुखरूप आहे. मी सोमवारपासून भाताला हात लावलेला नाही, आणि ऑफिसातला फोन वाजला की खुर्ची सोडून पळते.

झालं असं. आमच्या कलामंडळाच्या यादीत प्रेक्षकांची अकरा हजार नावं आहेत आणि त्यातली निम्मी दोनदोनदा (तीस वर्षांत तिकीटखिडकीवर जो बसला त्याने आपल्या मर्जीने नोंद केली, कोणी पूर्ण पत्ता लिहिला, कोणी नुसतंच ‘मशिदीमागे, मोठ्याने हसतात’). नवे संचालक हांदारूसाहेब म्हणाले, “एका माणसाची एकच नोंद हवी, वेनिंग. वर्धापनदिनाच्या आत सगळं एकत्र कर.” आणि ते जकार्ताला निघून गेले. संगणक दोन नोंदी शेजारीशेजारी दाखवतो, एकत्र करू का विचारतो, आणि खाली तांबड्या अक्षरांत बजावतो की एकदा केलेलं पुन्हा सुटायचं नाही. काका, ती अक्षरं पहिल्या दिवशी मी दर खेपेला तीनतीनदा वाचत होते. चौथ्या दिवशी वाचेनाशी झाले, तिथेच घात झाला.

पोनियेम नावाच्या दोन नोंदी आल्या. दोघींचा पत्ता लावेयान पेठेतला, दोघींचा जन्म ३१ डिसेंबर १९४९. याहून सारखं आणखी काय असायचं? दाबलं बटण. (बाजाराच्या पाच वारांतल्या पोन वारी जन्मली की पोनियेम, आणि तारीख ठाऊक नसली की सरकारी कारकून ३१ डिसेंबर टाकून मोकळा, हे एवढं शिकूनही मला सुचू नये!) त्यांतली एक फेब्रुवारीत वारली होती. एकत्र झालेल्या नोंदीने मरण एकीचं उचललं आणि घर दुसरीचं. जुना प्रेक्षक गेला की मंडळ घरच्यांना शोकपत्र पाठवतं. ते शुक्रवारी गेलं.

सोमवारी दुपारी दरवान तुकिजो पांढराफटक होऊन आत आला. “वेनिंगताई, तुम्ही ज्यांचं शोकपत्र धाडलंत ना, त्या आल्यात. चालत.”

मी सरळ टेबलाखाली शिरले. पण म्हातारी इतकी ठेंगणी, की तिला मी तिथेच आधी दिसले.

“बाहेर ये गं पोरी,” ती म्हणाली. हातात आमचंच पत्र. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून मी डोळे मिटले, तर ती माझ्याहून घाबरलेली! सोयाबीन आंबवून तेम्पेच्या वड्या करून विकते बिचारी; शनिवारी पत्र आलं तेव्हापासून दुकान बंद. “मला वाचता बेताचंच येतं,” ती हळूच म्हणाली, “पण शिक्का कळतो. तुम्हा ऑफिसवाल्यांना आधी खबर लागत असेल. लपवू नको. किती दिवस राहिलेत ते सांग. सोयाबीन भिजत घालू की नको?”

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. तिने पत्राची नीट घडी घातली. आता थोबाडीत बसणार, असं वाटलं. तर म्हणते, “म्हणजे गेली ती दुसरी. मग तिच्या माणसांना पत्र नाहीच?”

“आजी, तिची नोंदच उरली नाही.”

“तू पुसलीस?”

हो म्हणताना माझा अर्धा जीव गेला.

“चल मग. लावेयानात पोनियेम अशा असून असून किती असतील?”

मग काय, भर उन्हात आम्ही दोघी दारोदार. आजी प्रत्येक दारात विचारायची, “वारलेली पोनियेम कुठे राहायची हो? मी जिवंतवाली.” एका घरातल्या बाईंनी तर दारच लावून घेतलं. चौथ्या गल्लीत तिची मुलगी सापडली, बाटिक करणारी. मी आजीच्या मागे लपले. आजीने ते पत्र तिच्या हातात दिलं. नाव बरोबर, पेठ बरोबर. तिने ते दोनदा वाचलं आणि पदराने तोंड झाकून रडली. आईसाठी कोणी दोन ओळी लिहिल्याच नव्हत्या म्हणे.

“तुमची आईशी ओळख कशी?” तिने विचारलं.

“नावाची,” आजी म्हणाली आणि तिच्याजवळ बसली. दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. मी चहाचे पेले विसळले. दुसरं काय करणार होते?

साहेब उद्या परत येतात. त्यांना सांगायला हवं. आजी सोबत येते म्हणाली आहे. “मी पुढे उभी राहीन. चालत्याबोलत्या बाईसमोर ‘माणूस मारलंस’ म्हणून ओरडतील कसे?”

तुमच्या आशीर्वादाला आसुसलेली,
वेनिंग

ता. क. पोनियेमनंतर मी आणखी तीनशे जोड्या जुळवल्या होत्या. त्या काल भीतभीत तपासल्या. वागिमान नावाचे तिघे निघाले, तिघांचाही जन्म ३१ डिसेंबर १९४७. एक गेल्या वर्षी वारले. एक तुम्ही, आणि जुळवलेल्या नोंदीवर मरण त्यांचं, पत्ता तुमचा. शोकपत्रांचा दुसरा गठ्ठा सोमवारी सकाळीच, आजी यायच्या आधी, टपालात पडला होता. मंडळाचं पाकीट आलं तर ते तुम्हीच घ्या, काकूंच्या हाती लागू देऊ नका, एवढी एकच विनंती. बाकी वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल.

ता. ता. क. काकू, हे पत्र तुम्हीच उघडलं असेल आणि ते दुसरं आधीच येऊन गेलं असेल, तर माणसं गोळा करण्याआधी काकांना एकदा हाक मारून बघा. ओ दिली, तर मला लगेच कळवा.